महालक्ष्म्यांच्या दिवशीचं विमान

पंचांगातला एक अख्खा महिना लतिकाच्या डोक्यातून निसटला, आणि तोही कोणत्या वर्षी, तर ज्या वर्षी तिनं नणंदेच्या जावयाला द्यायचे अनारसे स्वतःच्या हातानं तळले त्या वर्षी. आता याला काय म्हणावं? लग्न होऊन आल्यापासून भोयरांच्या घरातली एकही तिथी जिच्या हातून चुकली नाही, ती बाई अधिक महिना विसरली.

झालं ते असं. मार्चमध्ये जर्मनीच्या विद्यापीठात लेकीची, वेदिकाची, निवड झाल्याचं कळलं. पोरगी नाचत स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, आई, त्यांना तारीख कळवायची आहे, यंदा महालक्ष्म्या कधी आहेत? लतिकाच्या एका हातात पळी, दुसऱ्या हातात मोहरीचा डबा. तिनं मनातल्या मनात हिशेब केला. गेल्या वर्षी ऑगस्टाच्या शेवटी होत्या, दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, म्हणजे यंदा गणपती-महालक्ष्म्या सगळं ऑगस्टातच उरकणार. सप्टेंबरात कधीही जा म्हणाली, आणि फोडणीत मोहरी टाकली. विद्यापीठानं सप्टेंबरच्या मध्याचं तिकीट पाठवलं. मग मे महिना आला, अधिक ज्येष्ठ लागला, अनारशाचं पीठ भिजलं, आणि कढईसमोर उभी असताना लतिकाच्या हातातला झारा जागच्या जागी थांबला. अधिक महिना आला की पुढचे सगळे सण महिनाभर लांबतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विमान नेमकं महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी संध्याकाळचं होतं.

वेदिकानं विद्यापीठाला लिहून पाहिलं. तिकडून गोड शब्दांत उत्तर आलं, की पहिल्या आठवड्याला हजर राहणं सगळ्यांना सक्तीचं आहे, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाते.

एरवी कुणाचं काय बिघडलं असतं? पण भोयरांची एक रीत होती. महालक्ष्म्या घरात आल्यापासून त्यांना निरोप देईपर्यंत घरच्या माणसानं रात्र गावाबाहेर काढायची नाही. नोकरीवर असो, शिकायला असो, आदल्या दिवशी घरी यायचं आणि तिसऱ्या दिवसानंतर निघायचं. असं का, ते कुणाला माहीत नव्हतं, आणि विचारायची पद्धतही नव्हती. एकदा लतिकाच्या नवऱ्यानं, वसंतानं, ऑफिसच्या कामासाठी अमरावतीला जाऊन रात्रीतच परत येण्यासाठी साहेबाची गाडी मागितली होती, इतकी ती रीत हाडात भिनलेली.

आणि हे सगळं लतिकाच्या घरात व्हायचं. नागपूरच्या हुडकेश्वरला, वसंतानं नोकरीच्या शेवटी बांधलेल्या त्या दोन खोल्यांच्या, पुढे अंगण असलेल्या घरात. वसंत सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागला आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाला. धाकटा दीर उन्मेष उमरेडला राहिला, त्यानं एकाचे चार ट्रक केले, बापाच्या शेतावर कोळशाचा डेपो टाकला, डेपोला लागून दुमजली घर बांधलं. नात्यातल्या लग्नात लोक आधी उन्मेषकडे वळत, बायका उन्मेषच्या कामिनीशेजारी जागा धरत. लतिकाला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोला. पण सासूनं जाताना महालक्ष्म्या मोठ्या सुनेच्याच हाती दिल्या होत्या. वर्षाचे तीन दिवस सगळे भोयर लतिकाच्या दारात चपला काढत, आणि तोच उन्मेष ओट्याशी उभा राहून विचारी, वहिनी, काय आणू? त्या तीन दिवसांवर लतिका उरलेलं वर्ष काढत होती.

महालक्ष्म्या यायच्या आधीच्या रविवारी सगळे हुडकेश्वरला जमले. हाही रिवाजच. पितळेचे मुखवटे माळ्यावरून काढायचे, चिंच-राखेनं उजळायचे, ज्या लोखंडी कोठ्यांवर साड्या नेसवून देव्या उभ्या करतात त्या झटकायच्या, कोणती भाजी कोण चिरणार ते ठरवायचं. सगळ्यांत आधी आली भागीरथा, वसंत-उन्मेषची थोरली बहीण. घरात मोठे सगळे तिला बाईच म्हणत. ती कामठीहून शेअर ऑटोनं आणि पुढे बसनं, कुणी घ्यायला येईल याची वाट न बघता यायची आणि आल्या आल्या सतरंजीच्या मधोमध बसून सगळ्यांना कामाला लावायची. तिनं चिंच कोळली, ज्येष्ठेचा मुखवटा मांडीवर घेतला, कनिष्ठेचा लतिकाकडे दिला आणि घासायला सुरुवात केली. विमानाचं तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. लतिकानं आठवडाभर धीर गोळा केला होता आणि तो आता कुठे गेला होता कोण जाणे.

मग उन्मेष आणि कामिनी आले. उन्मेषनं मिठाईचा डबा ठेवला नाही, वेदिकाच्या डोक्यावर टपलीही मारली नाही. आज काहीतरी बिनसलंय, हे लतिकाला तेव्हाच कळलं. भावजय-दिराचं इतक्या वर्षांचं नातं, त्याच्या चालीवरून ती ओळखायची.

तो खुर्चीवर बसला आणि बाईला म्हणाला की बाई, तुले माहीत हाय का, आपली वेदिका महालक्ष्म्यांच्या ऐन जेवणाच्या दिवशी जर्मनीले चालली.

बाईचा हात थांबला. तिनं आधी वेदिकाकडे पाहिलं, मग लतिकाकडे. लतिकानं मान खाली घालून जे घडलं ते सगळं सांगितलं, मोहरीच्या डब्यापासून झाऱ्यापर्यंत. वसंत मध्येच म्हणाला की चूक आमची आहे, बाई. कामिनी पदराशी चाळा करत बसली होती, ती हळूच बोलली की ताईंसारख्या माणसाला अधिक महिना आठवला नाही, हे जरा नवलच. म्हणजे मुद्दाम केलं, असंच तिला म्हणायचं होतं. लतिकाला ते झोंबलं, पण हातात देवी होती, म्हणून ती गप्प बसली.

बाई मात्र लगेच चिडली नाही. तिला आधी समजून घ्यायचं होतं. तिनं वेदिकाला जवळ बसवलं आणि हे शिकायला चालली तरी काय, ते विचारलं. वेदिका म्हणाली, शाश्वत विकास. बाईनं तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि बाजूला ठेवला.

"मले समजंल असं सांग वं."

"जमिनीतून जेवढं घेतलं तेवढं तिला परत द्यायचं, आत्या. मागून येणाऱ्यांसाठी."

"मंग त्यासाठी जर्मनीले काहून जा लागते? आमच्या बापानं जलमभर वावरात शेणखत टाकलं, ते काय होतं?"

"आजोबांनी शेणखत टाकलं," वेदिका म्हणाली. "काकांनी त्याच वावरात कोळसा टाकला. आता ते वावर परत कसं करायचं, ते इथं कुणाला येत नाही. तिथल्या लोकांनी करून दाखवलंय, म्हणून जायचंय."

पोरगी वीस वर्षांची, पण जीभ अशी की तिच्या आज्यानं ऐकली असती तर खूश झाला असता. तिनं मग आत्याला नीट सांगितलं. त्या भागात दोन-तीन पिढ्या तपकिरी कोळसा खणला, गावंच्या गावं उठवली. खाणी संपल्यावर नुसते खड्डे राहिले. मग लोक मागे लागले, सरकार मागे लागलं, खड्ड्यांत पाणी सोडून तलाव झाले, काठावर झाडं लावली, काही ठिकाणी द्राक्षं लावली. सगळंच सुधारलं असं नाही, काही पाणी अजून आंबट आहे, काठ खचतात, तेही तिथं शिकवतात. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, वेगवेगळ्या देशांतली मुलं. प्रत्येकानं आपल्या मुलखातली एक बिघडलेली जागा घ्यायची, तिचा अभ्यास करायचा, आणि फेब्रुवारीत सगळा वर्ग त्यांतल्या दोन जागा बघायला जाणार. वेदिकानं जी जागा घेतली ती निवडली गेली होती.

"कोणती घेतली?" बाईनं विचारलं.

"आपला डेपो."

आता हे काही वेदिकानं लपवून केलं नव्हतं. गेल्या महिन्यात ती सरळ उमरेडला काकाच्या दारात गेली होती, विहिरीच्या पाण्याची बाटली भरून घेऊ का म्हणून विचारलं होतं, आणि उन्मेषनं हसत हसत स्वतः दोर सोडून पाणी काढून दिलं होतं. पुतणी शिकते, घेऊ दे पाणी. पाण्यावर काळी साय होती, ती दोघांनीही पाहिली. मग ट्रकवाल्यांच्या बैठकीत कुणीतरी त्याला समजावलं की फेब्रुवारीत तुझ्या डेपोवर दहा देशांची पोरं आणि त्यांचे प्रोफेसर कॅमेरे घेऊन उभे राहतील. तेव्हापासून त्याला झोप नव्हती.

पण उन्मेष काही डेपोचं बोलला नाही. तो बोलला रितीचं. फार छान बोलला. आईनं कशा जपल्या महालक्ष्म्या, बापाच्या आजारपणातही कशा उभ्या झाल्या, भाऊ पुण्याला ट्रेनिंगला असताना एसटीनं कसा आला. घराची रीत म्हणजे घराचा पाया. बाईचे डोळे भरून आले. वसंतही मान डोलवत होता, त्याला भावाचं बोलणं नेहमीच पटायचं. लतिकालाही, खरं सांगायचं तर, पटत होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि तिच्या पोरीमुळे ती रीत मोडत होती. कनिष्ठेच्या गालावर ती पुन्हा पुन्हा तीच चिंच फिरवत राहिली.

"वहिनी, राग नका मानू," उन्मेष शेवटी म्हणाला, "पण पोरगी त्या दिवशी गेली त महालक्ष्म्या या घरात बसवता येणार नाही. आमच्याकडं बसवू यंदा. मंग पुढचं पुढं पाहू."

पुढचं पुढं पाहू म्हणजे काय, ते खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. एकदा गेलेल्या महालक्ष्म्या परत येत नाहीत. भोयरांच्या तीन घरांत हे पूर्वी झालेलं होतं.

 लतिकाला उन्मेषच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून तिनं कामिनीकडे पाहिलं. या क्षणाची वाट कामिनीनं किती वर्षं पाहिली असेल. सासू शेवटची दोन वर्षं हिच्याच घरी अंथरुणाला खिळून होती, हिनंच तिचं सगळं केलं, आणि मान मात्र लतिकाला गेला. आज तिच्या चेहऱ्यावर उजेड पडायला हवा होता. पण कामिनी नवऱ्याकडे बघत होती, आणि आनंद म्हणावा तर तो तिच्या तोंडावर कुठेच नव्हता. उन्मेषनं तिला न विचारताच हे ठरवलं असावं. लतिकाला एवढंच वाटलं, मग तिचं लक्ष पुन्हा उन्मेषकडे गेलं, कारण तो उठून तिच्याजवळ येऊन सतरंजीवर बसला होता.

आवाज खाली आणून, अगदी लाडात येऊन तो म्हणाला की एक मार्ग आहे. पोरीचं नुकसान आपल्यालाही नको. "जाऊ द्या तिले त्या दिवशीच. बाईले मी समजावतो. देवीले जास्तीचा नैवेद्य दाखवू, नाक घासू, माफी मागू. देवी काय वैरी हाय आपली? फक्त पोरीनं तेवढी जागा बदलावी. नागपुरात का जागा कमी हायत? अंबाझरी घे म्हणा, नाग नदी घे म्हणा. नाग नदीले त कोणीबी काहीबी बोलते."

 वसंताला हायसं वाटलं होतं, ते त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. सुंठीवाचून खोकला जात असेल तर कोणाला नको? त्यानं वेदिकाकडे आशेनं पाहिलं. वेदिका म्हणाली की काका, माझी निवडच त्या जागेवर झाली आहे. जागा सोडली की निवड गेली.

लतिकाच्या डोक्यात मात्र काहीतरी खटकन जागेवर बसलं. अर्ध्या तासापूर्वी जी रीत घराचा पाया होती, ती आता जास्तीच्या नैवेद्यात भागत होती. देवीला काही अडचण नव्हतीच. अडचण डेपोला होती. इतका वेळ ती मान खाली घालून ज्याच्यापुढे अपराधी बसली होती, तो माणूस तिच्या महालक्ष्म्या तारण ठेवून आपला कोळसा सोडवत होता. तिला असा राग आला की हातातला मुखवटा तिनं खाली ठेवला, हातातून निसटेल म्हणून.

पण बोलली बाई.

"थांब गा, उन्मेष. आत्ता त म्हणत होता का रीत मोडली त घर मोडते. आता डेपो वाचत असन त रीत मोडाले चालते? देवी का कोळसा हाय, काट्यावर ठेवून भाव करून राहिला?"

उन्मेष काहीतरी पुटपुटला. बाईनं त्याला हातानं गप्प केलं. लतिकाच्या मनात आशेचा एक तुकडा उगवला, बाई आपल्या बाजूला आली म्हणून. तो फार टिकला नाही. भागीरथाबाई कुणाच्याच बाजूला जाणारी नव्हती. ती लतिकाकडे वळली आणि शांतपणे बोलली.

"याच्या मनात खोट हाय, पण माह्या मनात नाही. माह्या मायनं मले जे सांगतलं तेच मी सांगून राहिली. पोरगी त्या दिवशी गेली त देव्या या घरात बसत नाही. डेपोच्या बदल्यात मी सोडत नाही, आन् तुझ्या डोळ्यातल्या पाण्याच्या बदल्यात बी सोडत नाही. तूच ठरव, लतिका. मोठी सून तू हाय."

एवढं बोलून ती पुन्हा ज्येष्ठेचं कपाळ घासू लागली. तिचा आवाज कडक नव्हता. तिला लतिका आवडायची, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. उन्मेषशी भांडता आलं असतं. बाईशी काय भांडणार? ती जे बोलली त्यावर तिचा जीव होता.

वसंतानं घसा साफ केला. तो म्हणाला, वेदू, बेटा, तूच बघ. शिकणं काय, पुढच्या वर्षीही होतं. आईकडे बघ जरा.

वेदिकानं आईकडे पाहिलं. आणि मघापासून जी पोरगी काकाला, आत्याला उत्तरं देत होती, तिचा चेहरा पडला. महालक्ष्म्यांच्या आदल्या रात्री आई कशी झोपत नाही, पुरण वाटताना कशी गुणगुणते, निरोपाच्या दिवशी कोठ्या रिकाम्या झाल्या की मोरीत जाऊन कशी एकटी रडते, हे सगळं ती लहानपणापासून बघत आली होती.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "मी नाही जात."

उन्मेषनं सुटकेचा श्वास सोडला. इतका उघड सोडला की त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं रुमाल काढून तोंड पुसलं.

त्या श्वासानंच घात केला त्याचा. तो गप्प राहिला असता तर कदाचित लतिका पोरीला पोटाशी धरून रडली असती, आणि वेदिका नागपुरातच राहिली असती. पण तो श्वास लतिकानं ऐकला. लग्न होऊन या घरात आल्यापासून मोठेपणाच्या नावाखाली आपण किती काय काय गिळलं, आणि आपण गिळलं की या लोकांना असंच हायसं वाटत आलं, हे तिला एकदम दिसलं. आता तेच तिची लेक गिळत होती, तिच्याच डोळ्यांसमोर, तिच्याच कारणानं. ते तिला सहन होईना.

"तू गप्प बस, वेदू," ती म्हणाली. मग उठली, भिंतीवरचं पंचांग खिळ्यावरून काढलं आणि सतरंजीवर सगळ्यांच्या मधोमध उघडं ठेवलं. 

"मार्चमध्ये मी तारीख सांगितली तेव्हा चुकले. अधिक महिना विसरले, त्याची माफी बाईंची मागते, देवीची मागते. कामिनीला वाटतं मी मुद्दाम केलं. नव्हतं केलं. पण आज पंचांग उघडं ठेवून, तिथी बघून, सगळ्यांसमोर सांगते. वेदिका त्याच दिवशी, त्याच विमानानं जाईल. आणि अभ्यास डेपोचाच करील. आजची ही चूक नाही. आज मुद्दाम करते."

वसंत म्हणाला, लतिका, अगं जरा विचार कर. ती म्हणाली, केला. तो म्हणाला, आईनं तुझ्या ओटीत घातलेल्या आहेत गं त्या. तेव्हा मात्र लतिकाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिनं पुसलंही नाही.

"म्हणूनच मी देऊ शकते," ती म्हणाली. "दुसरं कोणी नाही."

तिनं कनिष्ठेचा मुखवटा स्वच्छ पाण्यातून काढला, पदरानं कोरडा केला. बाईच्या मांडीवरून ज्येष्ठेचा उचलला, तोही पुसला. बाईनं अडवलं नाही. तिनं फक्त आपले चिंचेचे हात एकमेकांत घट्ट धरून ठेवले. लतिकानं दोन्ही मुखवट्यांना हळदकुंकू लावलं, तांबड्या कापडात गुंडाळले, आणि कामिनीसमोर बसून तिच्या ओटीत ठेवले.

"आंबील आदल्या रात्री भिजव," ती म्हणाली. "ज्येष्ठेला हिरवी साडी. सासूबाई सांगायच्या ते तुलाही माहीत आहे, तूच केलंस त्यांचं शेवटी. खरं म्हणजे तेव्हाच तुझ्याकडे यायला हव्या होत्या."

हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडून ठरवून आलं नव्हतं. कामिनीनं चमकून वर पाहिलं. दोघी जावांनी एकमेकींकडे असं सरळ कधी पाहिलं होतं, दोघींनाही आठवलं नसतं.

 उन्मेषला महालक्ष्म्या नको होत्या, त्याला धाक हवा होता. वहिनी देव सोडणार नाही, या एका गोष्टीवर त्यानं सगळा डाव मांडला होता, आणि देव त्याच्या पदरात घालून ती मोकळी झाली. तो म्हणाला की वहिनी, मी तसं नव्हतो म्हणत, घाई नका करू, बसून बोलू. तेव्हा सगळ्यांना नवल वाटावं असं झालं. वसंत उठला. त्यानं शिडी लावली, माळ्यावरून एक कोठी उतरवली, मग दुसरी. जाळी-धूळ अंगावर घेत तो त्या अंगणात घेऊन गेला आणि भावाच्या गाडीशी उभा राहून म्हणाला, डिक्की उघड. जन्मभर मूग गिळून बसलेला माणूस, त्यानं भावाला हुकूम सोडला तो एवढाच. उन्मेषनं डिक्की उघडली.

बाई जेवायला थांबली नाही, पण रुसून गेली असंही नाही. वेदिकाच्या पाठीवर तिनं एक धपाटा घातला, जोराचाच, आणि तिकडं खाशीन काय, थंडीत कानाले बांधशीन का नाही, असं विचारून घेतलं. मग लतिकाला म्हणाली की माह्या मनाले हे पटलं नाही, पण तुनं खोटं नाही केलं. लतिका तिच्या पाया पडली. बाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि उन्मेषच्या गाडीत न बसता बसस्टॉपकडे चालू लागली.

वेदिका आतल्या खोलीच्या दारात उभी होती आणि रडत होती. लतिकानं तिला सांगितलं की रडायचं असेल तर विमानात रड, तिथं आठ-नऊ तास दुसरं काम नसतं. आणि फेब्रुवारीत तुझी दहा देशांची पोरं आली की त्यांना माझ्या घरी जेवायला आणायचं, उमरेडच्या रस्त्यावरच तर घर आहे. हे बोलताना तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. दर वर्षी जिथं ती चौरंग मांडायची, ती जागा तिनं कालच सारवल्यासारखी पुसून ठेवली होती. तिला तिथं उभं राहवेना. ती अंगणात आली.

गाडी सुरू झाली होती. उन्मेष समोर बघत होता. कामिनी मागच्या सीटवर बसली होती, मांडीवर तांबडं गाठोडं, आणि दोन्ही हात त्याच्यावर. लतिका जवळ येताना दिसली तशी तिनं काच खाली केली. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि नवऱ्यासमोर बोलवत नव्हतं. शेवटी बोलली.

"ताई, आमच्या हॉलची मोठी खिडकी डेपोकडंच उघडते. दिवसातून चारदा पुसते मी, तरी भांड्यांवर, अंथरुणावर, सगळीकडं काळं बसते. आमच्या पोराच्या, गौरांगच्या, शाळेच्या शर्टाची कॉलर दुपारपर्यंत काळी होते." तिनं गाठोड्याकडे पाहिलं. "यांच्या साड्या, यांचे चेहरे... मी तीन दिवस खिडकी बंद ठेवीन. पडदा लावीन."

उन्मेषचा हात गिअरवर तसाच राहिला.

"नको," लतिका म्हणाली. "उघडी ठेव, कामिनी. त्यांनाही दिसू दे."